कँटनीज शिका दारापासून: अडसर, कडी, कुलूप, किल्लीचे शब्द

हाँगकाँगला किंवा ग्वांगजौला नव्याने राहायला आलेल्या माणसाला कँटनीज शिकवायची म्हटलं की लोक आधी नमस्कार-चमत्कार आणि आकडे शिकवतात. ठीक आहे, लागतातच ते, पण नवीन घरात पहिली खरी गाठ पडते ती दाराशी. किल्लीची डुप्लिकेट हवी असते, बाहेरचं लोखंडी गेट अडकतं, घरमालक फोनवर काहीतरी सांगतो ज्यातलं फक्त 'मून', म्हणजे दार, तेवढं कळतं. म्हणून हे मार्गदर्शन दारापुरतंच लिहितोय. आणि माझा आग्रह असा की जुन्या, पारंपरिक लाकडी दाराचे शब्द आधी शिका. म्युझियममध्ये मिरवायला नाही, तर आजच्या फ्लॅटच्या दाराचे अर्धे शब्द तिथूनच आलेत म्हणून.

पायरी १: आधी उच्चार, आणि इथे आपण नशीबवान आहोत

इंग्रजीतून कँटनीज शिकणाऱ्याला जे जड जातं ते मराठी माणसाला फुकट मिळतं. कँटनीजमध्ये प-फ, त-थ, क-ख हा फरक अगदी आपल्यासारखा पाळतात, आणि रोमन लिपीतल्या पुस्तकांत जिथे ब, ड, ग दिसतात तिथे प्रत्यक्षात प, त, क असतो. तेव्हा रोमन बघून 'गाउ' वाचू नका, 'काउ' म्हणा. च नेहमी 'चमचा' मधला, 'चहा' मधला नाही. छ सुद्धा तसाच, दातांजवळचा, जरा हवा सोडून. फ म्हणजे 'फळ' मधला दोन्ही ओठ मिटून काढलेला, आणि जिथे दात लावून म्हणायचा तिथे मी खाली टिंब देऊन फ़ लिहिलंय.

अ आणि आ मधला फरकही जपा, कारण तो अर्थ बदलतो. मून सन म्हणजे दारावरची द्वारदेवता आणि मून सान म्हणजे दाराचा अडसर. मराठी कानाला हा फरक लगेच ऐकू येतो, इंग्रजीवाल्या मंडळींना महिनोन्‌महिने येत नाही.

आता सूर. सहा आहेत, सुटका नाही. शब्दापुढे मी आकडा दिलाय: १ वरचा सपाट, २ वर चढणारा, ३ मधला सपाट, ४ खाली उतरणारा, ५ खालून थोडा चढणारा, ६ खालचा सपाट. मून४ म्हणजे दार, मून५ म्हणजे भरलेलं, मून६ म्हणजे कंटाळवाणं. सो२ म्हणजे कुलूप आणि सो४ म्हणजे बावळट, तेव्हा दुकानदारापुढे हा शब्द जपून. सूर चुकला तरी संदर्भाने समजून घेतात बहुतेक जण, पण दुकानातली गर्दी आणि वरून पंख्याचा आवाज असेल तर संदर्भ कमी पडतो.

पायरी २: दोन क्रिया, सान आणि होय

दार उघडणे म्हणजे होय१ मून४. दार लावणे म्हणजे सान१ मून४. आणि मून४ सान१, म्हणजे तेच दोन शब्द उलटे केले, की तो झाला दाराचा आडवा अडसर. आपल्या वाड्यांच्या दारामागे भिंतीतल्या भोकातून ओढून काढायचा तो जाड लाकडी अडसर आठवा, तोच हा. दार लावणे म्हणजे अडसर घालणे इतकं ते एकरूप झालंय की आज अडसर नसलेल्या काचेच्या दारालाही सानच म्हणतात, एवढंच काय दिवा, पंखा, टीव्ही बंद करायलाही सान१ चालतं. म्हणजे एक शब्द शिकलात आणि घरातली सगळी बटणं बंद करता आली. मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या सरकारी भाषेत, यासाठी वेगळं क्रियापद आहे, ते इथे वापरलंत तर समजेल, पण बाहेरून आलाय हेही समजेल.

अक्षरं वाचायची हौस असेल तर इथून सुरुवात करा. हाँगकाँगमध्ये जुन्या पद्धतीची लिपी चालते आणि तिच्यात दाराचं अक्षर म्हणजे समोरासमोर दोन झडपा, सरळ चित्रच. त्या झडपांच्या मध्ये एक आडवी रेघ मारली की ते सान. त्या आडव्या रेघेखाली अडसर उचलणारे दोन हात काढले की ते होय, म्हणजे उघडणे. ग्वांगजौमध्ये सरकारी पाट्यांवर सोपी केलेली लिपी असते, तिच्यात झडपांचं चित्र राहिलेलं नाही आणि उघडण्याच्या अक्षरातून तर दारच गायब झालंय, त्यामुळे शिकायला हाँगकाँगच्या पाट्या बऱ्या.

पूर्ण घट्ट लावून घे असं सांगायचं तर सान१ माइ४ मून४. कुलूप लाव म्हणायचं तर सो२ मून४.

पायरी ३: जुनं दार बाहेरून आत वाचा

सगळ्यात छान नमुना ग्वांगजौच्या पश्चिमेकडच्या लिवान भागात आहे. तिथल्या जुन्या श्रीमंत व्यापाऱ्यांच्या घरांना सै१ क्वान१ ताइ६ उक१ म्हणतात, म्हणजे पश्चिम वेशीकडची मोठी घरं. यांच्या प्रवेशाला एक नाही, तीन दारं असतात, एकामागे एक.

सर्वात बाहेर अर्ध्या उंचीची हलकी झडप. रस्त्यावरून जाणाऱ्याला आतलं दिसू नये एवढंच तिचं काम, वरून हवा येते.

मधलं दार म्हणजे थॉंग३ लुंग२, आणि हे बघायलाच जावं असं आहे. कठीण लाकडाचे गोल दांडे, आडवे, एकावर एक शिडीसारखे बसवलेले, आणि ती सगळी चौकट बाजूला भिंतीकडे सरकते. थॉंग३ म्हणजेच सरकवणे. ग्वांगजौचा उन्हाळा दमट, आपल्या मुंबई-कोकणासारखाच घामट, तेव्हा मागचं जाड दार उघडं टाकायचं आणि थॉंग लुंग ओढून घ्यायचं: वारा आत येतो, माणूस येत नाही. दांड्यांची संख्या विषम ठेवतात, सम अशुभ मानतात. कधी गेलात तर मोजून बघा, मुलांना सोबत नेलंत तर त्यांना कामाला लावा.

आणि सगळ्यात आत ताइ६ मून४, जाडजूड लाकडी मुख्य दार, ज्याच्या मागे तो मून सान. रात्री तिन्ही बंद.

आता हाँगकाँगच्या फ्लॅटकडे या. बाहेर लोखंडी गेट, आत लाकडी दार. संध्याकाळी लोक आतलं दार उघडं ठेवतात, गेटला कुलूप, आणि जिन्यातला वारा घरात. माझ्या मते हे थॉंग लुंगचंच लोखंडी रूप आहे, जागा कमी म्हणून अंगणाऐवजी जिन्यात आलेलं. याला थीत३ चाप६ म्हणतात, थीत म्हणजे लोखंड, चाप म्हणजे गेट. जुन्या चाळवजा इमारतींत, ज्यांना थॉंग४ लौ२ म्हणतात, ओढून घडी होणारं जाळीचं गेट असतं, आपलं चॅनेल गेट, ते लाइ१ चाप६. लाइ१ म्हणजे ओढणे. हाच लाइ तुम्हाला बँकेच्या, मॉलच्या काचेच्या दारावर लिहिलेला दिसेल, म्हणजे ढकलत बसू नका, ओढा.

पायरी ४: कडी, उंबरा, बिजागरी

दारावरची कडी, वाजवायची गोल कडी, ती मून४ वान४. वान४ म्हणजे वलय, कडं. हा शब्द तुम्ही रोज ऐकता, मेट्रोत चुंग१ वान४ स्टेशनची घोषणा होते ना, इंग्रजीत सेंट्रल, त्यातला वान हाच. पण वान चाय मधला वान तो नाही हं, तो वान१, वरच्या सुराचा, आणि त्याचा अर्थ खाडी किंवा उपसागर. दोन्ही स्टेशनं एकाच लाइनवर आहेत, येता-जाता कान देऊन ऐका, पहिल्या आणि चौथ्या सुराचा फरक डोक्यात पक्का बसेल, कुठल्याही ॲपपेक्षा बरा.

देवळांत आणि मोठ्या घरांत ही कडी एका विचित्र प्राण्याच्या तोंडातून लोंबते. तो चिउ१ थोउ४, ड्रॅगनच्या नऊ मुलांपैकी एक. स्वभावाने घुम्या, कुणी आत आलेलं न आवडणारा, म्हणून दारावर नेमणूक.

दारावरच्या मोठ्या खिळ्यांच्या रांगांना मून४ तेंग१ म्हणतात. नुसता तेंग१ म्हणजे खिळा, हा दुकानातही चालतो.

उंबरा म्हणजे मून४ लाम६. जुन्या देवळांत हा चांगला गुडघ्याखालपर्यंत उंच असतो आणि त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं. हे आपल्याला समजवायला नको, उंबऱ्यावर बसू नको म्हणून आज्जीने दटावलेली पिढी आपण.

दारावर रंगवलेले किंवा कागदावर छापून चिकटवलेले दोन हत्यारबंद वीर दिसतात ते मून४ सन४. बहुतेक ठिकाणी ते थांग राजवटीचे दोन सेनापती असतात, छिन शूबाओ आणि युची गोंग ही त्यांची मँडरिन नावं. खालच्या बाजूला, दाराशेजारी जमिनीलगत, एक छोटंसं लाल देवघर आणि उदबत्त्या दिसल्या तर तो उंबऱ्याचा भूमिदेव, मून४ हौ२ थोउ२ तेइ२. मून४ हौ२ म्हणजे दाराचं तोंड, दारापाशी. डिलिव्हरीवाल्याला पार्सल दाराशी ठेव सांगायला हाच शब्द लागतो.

बिजागरीचं जरा नीट सांगतो कारण गंमत आहे. खऱ्या जुन्या दारांना बिजागरी नसतेच. दाराच्या फळीची एक कड वर-खाली थोडी पुढे काढून गोल तासलेली असते, खालचं टोक दगडातल्या वाटीएवढ्या खळग्यात बसतं आणि वरचं चौकटीतल्या लाकडी भोकात, आणि अख्खं दार त्या दोन टोकांवर फिरतं. आपल्या वाड्यांची आणि गडांची मोठी दारं अशीच फिरतात. त्या दगडाला मून४ चम२ सेक६ म्हणतात, म्हणजे दाराचा उशीचा दगड. नंतर लोखंडी बिजागऱ्या आल्या, त्या मून४ काउ३. आणि मॉल किंवा ऑफिसच्या जड काचेच्या दाराखाली जमिनीत पुरलेली स्प्रिंग असते ना, ती तेइ६ काउ३, तेइ६ म्हणजे जमीन. मला नेहमी वाटतं की दगडाच्या खळग्यापासून निघून दार परत जमिनीवरच फिरायला लागलं.

पायरी ५: कुलूप, आणि त्याचं 'पित्त'

सो२ म्हणजे कुलूप, सो२ सी४ म्हणजे किल्ली. आठवडाभर फक्त हे दोनच शब्द पाठ केलेत तरी चालेल.

जुनं पितळी कुलूप थुंग४ सो२. याची किल्ली फिरवायची नसते. आडवं, डबीसारखं कुलूप, त्याच्या आतल्या दांडीला पातळ पितळी पट्ट्या असतात, दांडी आत ढकलली की त्या पट्ट्या आत जाऊन फाकतात आणि अडकून बसतात. उघडताना बाजूच्या फटीतून किल्ली सरळ आत सरकवायची, तिच्या टोकाच्या खाचेत त्या पट्ट्या दाबल्या जाऊन चपट्या होतात आणि मग दांडी सर्रकन बाहेर. जुन्या वस्तूंच्या दुकानात हातात घेऊन बघायला मिळालं तर किल्ली पिळू नका, ढकला.

आजचं लोंबतं कुलूप म्हणजे हो४ पाउ१ सो२. हो पाउ म्हणजे पैशाचा बटवा, आकारावरून नाव पडलं. गोल मुठीचं कुलूप, बाथरूमला वगैरे असतं ते, पो१ सो२. पो म्हणजे इंग्रजीतला बॉल, चेंडू. दाराच्या आतल्या बाजूला पेटीसारखं बसवलेलं जुनं लॅच म्हणजे ङौ४ थौ४ सो२, बैलाच्या डोक्याचं कुलूप.

आणि सगळ्यात कामाचा शब्द: सो२ ताम२. ताम२ म्हणजे पित्ताशय. कुलपाच्या आतलं ते पितळी सिलिंडर, ज्यात किल्ली जाते, त्याला कुलपाचं पित्ताशय म्हणतात. भाड्याचं घर घेतलंत की आधीच्या भाडेकरूकडे किल्ली असू शकते, तेव्हा अख्खं कुलूप न बदलता फक्त हे बदलून घेतात, स्वस्तात काम होतं. वून६ सो२ ताम२, म्हणजे सिलिंडर बदलणे. घरमालकाला आधी विचारा मात्र.

पायरी ६: फ्लॅटच्या दारावरचं उरलेलं

हे पटापट. हँडल मून४ पेंग३. बाहेर बघायचं भिंग फ़ॉंग४ तोउ६ ङान५, म्हणजे चोर-रोखू डोळा, आणि साखळी फ़ॉंग४ तोउ६ लीन२. बेल मून४ चुंग१. दार आपोआप लावणारा वरचा पिस्टन हेइ३ कू२ किंवा मून४ कू२. हा खडखडतो, जोरात आपटतो म्हणून काढून टाकायचा मोह होतो, पण मुख्य दार आग अडवणारं असेल तर ते आपोआप बंद होणं नियमानुसार गरजेचं असतं, त्यामुळे काढू नका, स्क्रू फिरवून वेग कमी करता येतो. स्क्रू लो४ सी१, स्क्रू-ड्रायव्हर लो४ सी१ फै१. स्पॅनर सी६ पा१ ना२ आणि स्पेअर सी६ पे१, हे दोन इंग्रजीतूनच आलेत, जरा हळू म्हणून बघा, ओळख पटेल.

पायरी ७: मोजायचं कसं

कँटनीजमध्ये नुसतं 'एक किल्ली' म्हणत नाहीत, मध्ये एक मोजशब्द लागतो, आपण 'एक जोडी चप्पल' म्हणतो तसा, फक्त प्रत्येक वस्तूला. दाराच्या सामानाला लागणारे एवढेच घ्या: एक दार यत१ तोउ६ मून४, एक कुलूप यत१ पा२ सो२, एक किल्ली यत१ थीउ४ सो२ सी४, एक स्क्रू यत१ लप१ लो४ सी१, एक खिळा यत१ हौ२ तेंग१. थीउ लांबट वस्तूंना असतो, लप दाण्याएवढ्या बारक्या वस्तूंना. खिळ्याचा हौ म्हणजे तोंड, आता खिळ्याला तोंड कुठे हे विचारू नका, पाठ करा.

पायरी ८: दुकानात

हार्डवेअरचं दुकान ङ५ कम१ फोउ३, म्हणजे पाच धातूंचं दुकान: सोनं, चांदी, तांबं, लोखंड, कथील. सोनं-चांदी काही मिळत नाही तिथे, नाव तेवढं भारी. कौलूनमध्ये रेक्लमेशन स्ट्रीटवर अशी दुकानं ओळीने आहेत, तिचं कँटनीज नाव सन१ थीन४ तेइ६ काइ१, नव्याने भरलेल्या जमिनीची गल्ली. वान चायमध्ये लॉकहार्ट रोडला घर सजावटीचं, कुलपं-हँडलचं सामान मिळतं, जरा चकचकीत आणि त्या मानाने महाग.

दुकानदाराला किंवा कारागिराला सी१ फ़ू२ म्हणा, मिस्त्री, उस्ताद अशा अर्थाने. बाई असेल तर लोउ५ पान२ बरं, म्हणजे मालक. सुरुवातीला आणि शेवटी म्४ कोय१, यात प्लीज आणि थँक्यू दोन्ही आलं. मग ही वाक्यं:

सी फ़ू, म् कोय, फुई३ यत थीउ सो सी. म्हणजे, उस्ताद, एक किल्ली बनवून द्या.

यौ५ मोउ५ हो पाउ सो? लोंबतं कुलूप आहे का? यौ मोउ च्या पुढे वरचा कुठलाही शब्द ठेवा आणि दुकान फिरून या.

ताइ६ ती१, थोडं मोठं. सै३ ती१, थोडं लहान.

केइ२ तो१ छीन२? किती पैसे?

तक्रार सांगायची तर: वाइ६ चो२, बिघडलंय. लत१ चो२, निखळून पडलंय, उदाहरणार्थ मून पेंग लत चो. सांग१ सौ३, गंज चढलाय, आणि हा शब्द समुद्राकाठच्या शहरात लागतोच लागतो. होय१ म्४ तोउ२, उघडत नाही.

एक सांगून ठेवतो, कारण नवखे इथेच गोंधळतात. पुस्तकातला ङ रस्त्यावर बऱ्याचदा गळतो. ङान५ चं नुसतं आन होतं, पाचाचा ङ तर अनेकांच्या तोंडी सरळ म् होतो. न च्या जागी ल ऐकू येतो, 'हे' या अर्थाचा नी१ को३ बरेच जण ली को म्हणतात. तुम्ही शिकताना पुस्तकी म्हणा, ऐकताना दोन्हींची तयारी ठेवा. आणि जुनं कुलूप किंवा बिजागरी बदलायची असेल तर ती सरळ काढून पिशवीत टाकून न्या, काउंटरवर ठेवा, नी को म्हणा. हातात वस्तू असली की व्याकरण कोणी विचारत नाही. निदान फोटो आणि दाराची जाडी मिलिमीटरमध्ये तरी हवीच, नाहीतर सो ताम लांबीत चुकतं आणि परत चक्कर.

पायरी ९: कुठे जाऊन बघाल

ग्वांगजौमध्ये चेन घराण्याचं सभागृह, १८९४ मध्ये पूर्ण झालेलं, त्याच नावाचं मेट्रो स्टेशन आहे. मुख्य दारावरचे मून सन इतके मोठे की मान वर करावी लागते. तिथून योंगछिंग फांग या लिवानमधल्या जुन्या वस्तीकडे गेलात की थॉंग लुंग दिसतील, काही खरी जुनी, काही नव्याने बसवलेली.

हाँगकाँगमध्ये छुन वानचं साम थुंग उक म्युझियम, १७८६ ची हक्का लोकांची तटबंद वस्ती, दारं-उंबरे निवांत बघता येतात.

पण मला विचाराल तर काम थिनमधलं कात हिंग वाय. तंग घराण्याचं तटबंद गाव, आणि त्याच्या वेशीला साखळीसारख्या कड्या एकमेकींत ओवलेलं लोखंडी दार, लीन४ वान४ थीत३ मून४. यातला वान तोच कडीचा आणि सेंट्रलचा. १८९८ मध्ये ब्रिटिशांनी न्यू टेरिटरीज, म्हणजे कौलूनच्या उत्तरेकडचा हा सगळा भाग, भाडेपट्ट्याने घेतल्या, १८९९ मध्ये ताबा घ्यायला आले तेव्हा तंगांनी प्रतिकार केला, आणि तो मोडल्यावर ब्रिटिशांनी ही दारं उखडून नेली. गव्हर्नर ब्लेकने ती थेट आयर्लंडला पाठवली. गावकरी मागत राहिले आणि १९२५ मध्ये गव्हर्नर स्टब्सच्या काळात ती परत आली. आज दोन्ही पानांकडे नीट बघितलंत तर कळतं की ती एकमेकांची जोडी नाहीत, एक पान शेजारच्या गावच्या वेशीचं आहे. हकिकत सांगणारा शिलालेख वेशीतच बसवलाय. आत अजून लोक राहतात, त्यामुळे उठसूट फोटो काढत फिरू नका, आणि वेशीपाशी दानपेटी असते तिच्यात काही नाणी टाका.

राहता राहिलं, रात्री घराबाहेर अडकलात तर. मोउ५ ताइ३ सो२ सी४, किल्ली आणली नाही. हे आधी खालच्या वॉचमनला सांगा, त्याला हॉन१ कांग१ म्हणतात, त्याच्याकडे ओळखीच्या कुलूपवाल्याचा नंबर बहुतेक असतो. कुलूप उघडून देण्याला होय१ सो२, आणि माणूस हत्यारं काढायच्या आधी केइ तो छीन विचारायचं, नंतर नाही.